सिरॅमिक बेझलवरचे आकडे का मळतात, का उडतात आणि साफ कसे करायचे

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ घरी आला आणि फराळाची ताटली हातात घ्यायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं. "दादा, सिरॅमिकला ओरखडा पडत नाही म्हणतात ना, मग हे काय आहे?" काळ्याभोर बेझलवर, म्हणजे घड्याळाच्या काचेभोवतीच्या गोल कडीवर, २० च्या आकड्यापासून पुढे एक तिरकी करडी रेघ होती, आणि ती घालवायला म्हणून त्याने आठवडाभर रोज टूथपेस्ट आणि कडक ब्रशने घासघास घासलं होतं, त्यामुळे २० मधला पांढरा रंग कडेने खरवडल्यासारखा झाला होता. रेघ थोडी फिकी झाली होती, पण होती तिथेच.

रेघ दोन मिनिटात गेली, साध्या पांढऱ्या खोडरबरने. रंग मात्र गेला तो गेलाच. मला खरंच वाईट वाटलं, वर्षभर पैसे साठवून घेतलेलं घड्याळ होतं ते. आणि यात त्याला तरी काय बोलणार, बेझल म्हणजे एकच वस्तू असं आपण सगळेच धरून चालतो. खरं म्हणजे तिथे दोन वस्तू असतात, एक सिरॅमिकची रिंग आणि दुसरं म्हणजे त्या रिंगेवर कोरलेल्या खाचांमध्ये जे काही भरलंय ते. पहिली वस्तू कमालीची कडक असते, दुसरी बऱ्याचदा नखाएवढी मऊ. साफसफाईत जी काही वाट लागते ती जवळजवळ नेहमी दुसरीची लागते, म्हणून आपल्या घड्याळात आकडे कशाने भरलेत हे आधी माहीत करून घ्यायचं आणि मग हात लावायचा, एवढंच मला या लेखात सांगायचंय.

डायव्हरच्या घड्याळात ही बेझलची कडी फिरते. पाण्यात उतरताना कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं झाली ते काटा सरळ कडीवरच दाखवतो. ती एकाच दिशेने फिरते, कारण चुकून धक्का लागलाच तर झालेला वेळ जास्त दिसावा, कमी नाही, म्हणजे माणूस टाकीतली हवा संपायच्या आत वर येतो. जीएमटी प्रकारच्या घड्याळात कडीवर २४ तास असतात आणि दुसऱ्या देशातली वेळ कळते, पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या लेकीकडे किती वाजलेत ते फोन न उघडता दिसतं. म्हणजे हे आकडे नुसते शोभेचे नाहीत, ते वाचता आले पाहिजेत.

सिरॅमिक यायच्या आधी काय होतं हे थोडक्यात सांगतो. १९५० च्या दशकात रोलेक्सची पहिली जीएमटी-मास्टर आली तेव्हा तिचं बेझल बेकेलाइटचं होतं, म्हणजे जुन्या काळ्या टेलिफोनचं जे प्लास्टिक असायचं ना, तेच. ते तडकायचं. मग कितीतरी वर्षं सगळीकडे अॅल्युमिनियमची रंगवलेली चकती चालली, ती तडकत नाही पण ओरखडे पटकन पडतात आणि उन्हाने रंग उडतो, लाल गुलाबी होतो, काळा राखाडी होतो. काही लोकांना तो उडालेला रंगच आवडतो, त्याला ते घोस्ट म्हणतात आणि जास्त पैसे मोजतात. सिरॅमिकची घड्याळं तशी जुनी आहेत, राडो आणि आयडब्ल्यूसी दोघांनी १९८६ मध्येच काढली होती, पण बेझलच्या बाबतीत खरा फरक पडला तो २००५ मध्ये रोलेक्सने सोन्याच्या जीएमटी-मास्टर २ वर सिरॅमिक लावलं तेव्हा. त्याला त्यांनी सेराक्रोम नाव दिलं. २०१० मध्ये ते स्टीलच्या सबमरीनरवर आलं आणि मग हळूहळू सगळ्यांनीच धरलं, आता तर स्वस्तातल्या डायव्हर घड्याळांनाही सिरॅमिक असतं.

सिरॅमिक म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर कपबशी येते, पण हे ते नाही. बहुतेक बेझल झिर्कोनियाचे असतात, डेंटिस्ट जी महागाची पांढरी कॅप बसवतात तीही झिर्कोनियाचीच. अगदी बारीक पावडर साच्यात दाबून रिंग बनवतात, खाचा त्या कच्च्या रिंगेतच पाडून ठेवतात, आणि मग ती १५०० अंशाच्या आसपास भट्टीत भाजतात. कुंभाराचं मडकं भट्टीत आकसतं तशी ही रिंगही आकसते, जवळपास पंचवीस टक्क्यांपर्यंत, त्यामुळे आकडे आधीच तेवढ्या हिशोबाने मोठे धरावे लागतात. भाजून झाल्यावर ती एवढी कडक होते की तिला आकार द्यायला आणि पॉलिश करायला हिरा लागतो.

कडकपणाचा अंदाज यावा म्हणून आकडे देतो. विकर्स नावाचं एक माप आहे, त्यात घड्याळाचं स्टील साधारण १५० ते २०० भरतं, झिर्कोनिया १२०० च्या आसपास, आणि काचेच्या जागी जो सफायर असतो तो २००० च्या आसपास. धुळीत, वाळूत, भिंतीच्या गिलाव्यात जो क्वार्ट्झ असतो तो हजार-अकराशे. आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. वाळू स्टीलला सहज ओरबाडते, पण झिर्कोनियाला जेमतेम. मग रोजच्या वापरात बेझलवर रेघा येतात कुठून?

सोनाराकडे काळा कसोटीचा दगड बघितला असेल. सोनं त्यावर घासलं की पिवळी रेघ उठते. ती रेघ म्हणजे दगडाला पडलेला ओरखडा नव्हे, दगडाला चिकटलेलं सोनं. दगड कडक, सोनं मऊ, म्हणून सोनं झिजतं आणि त्याचा अंश दगडावर राहतो. बेझलचं अगदी तसंच होतं. आमच्या मावसभावाचा रोजचा प्रवास डोंबिवली ते दादर, सकाळच्या गर्दीत दाराजवळ उभं राहून स्टीलचा दांडा धरायचा, गाडीच्या हिसक्याने मनगट दांड्यावर घासायचं, आणि दांड्याचं स्टील बेझलवर उतरायचं. ती करडी रेघ म्हणजे लोकलचा दांडा होता! घरच्या पांढऱ्या क्रोकरीवर चमच्याच्या ज्या करड्या रेघा उमटतात त्याही ह्याच. म्हणजे इतके दिवस ज्याला तो ओरखडा समजून रडत होता तिथून सिरॅमिकचा कणभरही गेला नव्हता, उलट वरून थोडं स्टील जमा झालं होतं.

मॅट फिनिशच्या बेझलवर हे जास्त होतं, कारण मॅट म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेला, तो कानशीसारखं काम करतो आणि धातू धरून ठेवतो. चकचकीत बेझलवरून तो लवकर निघतो पण बोटांचे ठसे जास्त दिसतात. मला स्वतःला वापरायला चकचकीतच बरं वाटतं.

आता खाचांमध्ये काय भरलेलं असतं ते बघू, कारण इथेच सगळं आहे.

रोलेक्स खाचांमध्ये प्लॅटिनम किंवा सोनं बसवते. रंग भरतो तसं भरत नाहीत, पीव्हीडी नावाच्या पद्धतीने निर्वात पेटीत धातूची वाफ करून पूर्ण रिंगेवर अतिशय पातळ थर चढवतात, मग वरून पॉलिश करतात, म्हणजे सपाट भागावरचा धातू निघून जातो आणि फक्त खाचेत राहतो. हा थर अगदीच पातळ, आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्याच्यापुढे हा काहीच नाही. तो टिकतो कसा, तर तो खोल खाचेच्या तळाशी आणि कडांना बसलेला असतो, बाही, टेबल, दांडा यांचा स्पर्श वरच्या सिरॅमिकला होतो आणि आत कोणी पोचतच नाही. पोचतो तो फक्त ब्रश. त्या ब्रशवर खरखरीत पेस्ट असेल तर संरक्षणाची ही सगळी व्यवस्था आपणच मोडून आत शिरतो.

ओमेगाने वेगळी वाट धरली. २००९ मध्ये प्लॅनेट ओशनवर त्यांनी लिक्विडमेटल आणलं, झिर्कोनियम असलेला एक मिश्रधातू, तो तापवून मऊ करून दाबाने खाचांमध्ये भरतात आणि मग सिरॅमिकच्या पातळीला आणून पॉलिश करतात, बोट फिरवलं तर आकडा आणि रिंग वेगळे लागत नाहीत. स्टीलपेक्षा तो बराच कडक आहे, माझ्या मते झिजेच्या बाबतीत हा सगळ्यात निर्धास्त प्रकार. २०१२ च्या सेरागोल्डमध्ये त्याच जागी १८ कॅरेटचं सोनं आहे, आणि सोनं ते सोनंच, तुमच्या अंगठीवर जशा बारीक रेषा पडतात तशा त्यावरही पडणार. २०१८ च्या सीमास्टर डायव्हर ३०० एमवर काळ्या-निळ्या सिरॅमिकमध्ये पांढरं इनॅमल आहे. त्याचं पांढरं फार सुरेख दिसतं, आणि पांढरं असल्यामुळे कडेला जमलेला मळही लगेच दिसतो, मग लोकांना वाटतं पिवळं पडलं. आधी साबणाने धुऊन बघा, मग काळजी करा.

ट्यूडरच्या पेलागोसमध्ये खाचांमध्ये ल्यूम भरलेलं आहे, म्हणजे अंधारात चमकणारा पदार्थ. स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची पावडर कुठल्यातरी चिकट माध्यमात मिसळून ती भरतात. त्या पावडरचं आणि ओलाव्याचं जमत नाही, आणि ते माध्यम धातूसारखं कडक कधीच नसतं. बऱ्याच घड्याळांमध्ये असं ल्यूम फक्त १२ च्या त्रिकोणातल्या ठिपक्यात असतं. तो ठिपका म्हणजे बेझलवरची सगळ्यात नाजूक जागा समजा.

आणि शेवटचा प्रकार, जो संख्येने सगळ्यात जास्त आहे आणि मावसभावाच्या घड्याळात होता, साधा रंग. लॅकर. खाचेत रंग भरला, वरचा पुसला, वाळवला, झालं. नीट भरला असेल तर कितीतरी वर्षं टिकतो, पण तो रंगच आहे, नेलपॉलिश रिमूव्हर लागला, थिनर लागला की निघतो. मच्छर पळवायच्या क्रीममध्ये जे डीट असतं ते रंग आणि प्लास्टिक मऊ करतं हे फार कमी लोकांना माहीत असतं, ट्रेकला जाताना मनगटाला ते चोळून वर घड्याळ घालू नका. सॅनिटायझरचा एखादा थेंब लागला तर काही होत नाही पण रोज त्यानेच पुसायची सवय चांगली नाही. आपल्या घड्याळात काय आहे ते कळत नसेल तर कंपनीच्या माहितीत बघा, तिथे प्लॅटिनम, इनॅमल वगैरे काहीही लिहिलेलं नसेल तर रंग आहे असं धरून चाला.

बेझलवर काही दिसलं तर लगेच घासायला घेऊ नका, आधी ते काय आहे ते ओळखा. घड्याळ उजेडात तिरकं करून बघा, रेघ चंदेरी चमकली तर ती उतरलेल्या धातूची. पाण्याचं बोट फिरवून बघा, ओलं असताना डाग नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो साबणाचा किंवा बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर. नख आडवं फिरवा, नख अडकलं आणि खाली गेलं तर मात्र तिथला टवका उडालाय आणि त्याला कुठलीही साफसफाई उपयोगाची नाही. आकड्यांच्या कडेला पिवळट-तपकिरी काही असेल तर नव्वद टक्के वेळा तो घाम, त्वचेचं तेल आणि सनस्क्रीन यांचा मिळून झालेला राप असतो. सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड खाचेत बसून राहतो, वर धूळ चिकटत जाते.

धुवायची पद्धत अगदी घरगुती आहे. आधी क्राउन, म्हणजे बाजूची चावी, आत दाबलेली आणि स्क्रूची असेल तर घट्ट फिरवलेली आहे ना ते बघा, हे विसरलात तर बेझल राहिलं बाजूला, पाणी मशीनमध्ये जाईल. घड्याळ जुनं असेल आणि त्याचं पाण्याचं टेस्टिंग बरीच वर्षं झालेलं नसेल तर नळाखाली धरूच नका, ओल्या ब्रशनेच काम करा. वाटीत कोमट पाणी घ्या, गरम नाही, कारण गरम पाण्याने रबरी गॅस्केटचं नुकसान होतं. त्यात भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब, खरंच एकच, दोन थेंबांचा फेस काढायला दुप्पट वेळ जातो. लहान मुलांचा नवा सॉफ्ट ब्रश बुडवून बेझलवर हलके गोल गोल फिरवा आणि दोन मिनिटं तसंच ओलं राहू द्या, राप भिजला पाहिजे. मग परत ब्रश, यावेळी आकड्याच्या खाचेच्या लांबीने. एखाद्या खाचेत क्रीम बसलंच असेल तर दात कोरायची लाकडी काडी पाण्यात भिजवून मऊ करा आणि तिच्या टोकाने अलगद काढा. सुई, टाचणी, कटरचं पातं यातलं काहीही नको. सिरॅमिकला त्याने काही होणार नाही, आतल्या रंगाला नक्की होईल.

फिरणारं बेझल असेल तर धुताना एक पूर्ण फेरी फिरवा, बहुतेकांत ६० किंवा १२० क्लिक असतात, खाली अडकलेली माती पाण्याबरोबर बाहेर येते. समुद्रावरून आल्यावर तर हे त्याच दिवशी करा. मुरुडला किंवा तारकर्लीला पाण्यात जाऊन आलात आणि घड्याळ तसंच ठेवून दिलं तर मिठाचे खडे होतात, त्यात बारीक वाळू, आणि मग बेझल फिरवताना कचकच आवाज येतो. आवाज आला तर जोर लावू नका, भिजवा. सगळ्यात शेवटी आरओचं पाणी ओतून चष्म्याच्या फडक्याने टिपून घ्या, क्षारांचे डाग पडत नाहीत. महिन्यातून एकदा पुरे, एप्रिल-मे मध्ये दोनदा.

उतरलेल्या धातूच्या रेघेला खोडरबर. पांढरं, मऊ, शाळेत वापरतो ते. पेनाची शाई खोडायचं करडं-निळं जे असतं ते नको, त्यात घासणारी पूड असते. बेझल कोरडं ठेवून रेघेवरच, आकडा सोडून, हलक्या हाताने. रेघ आकड्यावरून गेली असेल तर आकड्याच्या कडेपर्यंत या आणि थांबा, पलीकडून परत सुरू करा. खोडरबराचा भुगा खाचेत गेला तर ब्रशने निघतो.

टूथपेस्टबद्दल लोक हमखास विचारतात. त्यात सिलिका किंवा खडूसारखी पूड असते, दात घासायला तीच लागते, आणि ती उतरलेला धातू काढूही शकते, म्हणून युक्ती चालली असं वाटतं. पण तीच पूड खाचेत जाऊन रंग आणि पातळ प्लॅटिनमही घासते, वर सुकल्यावर पांढरी खाचेत राहते ती वेगळीच. भिंतीचे डाग काढायचा तो पांढरा फोमसुद्धा बारीक सँडपेपरच आहे. भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू-मीठ हे तांब्याला ठेवा. आणि सोनाराकडे अल्ट्रासॉनिक मशीन असतं त्यात आख्खं घड्याळ टाकू देऊ नका, पट्टा सुटा करून दिला तर हरकत नाही, पण घड्याळाच्या डब्यासकट नको, ल्यूमचा ठिपका त्यात सुटू शकतो आणि घड्याळाच्या आतल्या मशीनला धोका आहे तो आहेच.

हळदीच्या कार्यक्रमात घड्याळ घालून बसलात तर? सिरॅमिकला हळद लागत नाही, त्यात शोषून घ्यायला छिद्रंच नसतात. पांढऱ्या रंगाला मात्र पिवळेपणा येऊ शकतो. लगेच धुवा, साबण लागल्यावर ती लाल दिसली तर घाबरू नका, साडीवर होते तसंच आहे ते. उरलेला पिवळसरपणा ऊन लागून फिका होतो.

एका गोष्टीला मात्र सिरॅमिक खरंच घाबरतं, आपटण्याला. स्टील आपटलं तर चेपतं, सिरॅमिक चेपत नाही, सहन होतं तोपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम तडकतं. झिर्कोनियात थोडं इट्रियम ऑक्साइड घालतात ते यासाठीच, तडा पुढे सरकायला लागला की त्याच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलून जरासे फुगतात आणि तडा दाबून धरतात. फार हुशार पदार्थ आहे हा. तरीपण बाथरूमच्या टाइलवर बेझलच्या कडेवर पडलं तर टवका उडू शकतो, आणि तो भरून येत नाही, इन्सर्ट म्हणजे ती रिंगच बदलावी लागते. रोलेक्सच्या स्टीलच्या डेटोनासारख्या घड्याळात, २०१६ पासून, पूर्ण बेझलच सिरॅमिकचं एकसंध आहे, तिथे खर्च त्या मानाने वाढतो. म्हणून धुताना बेसिनमध्ये टॉवेल अंथरा, ओल्या साबणाच्या हातातून घड्याळ निसटायला वेळ लागत नाही.

मावसभावाचं म्हणाल तर, रंग परत भरून मिळतो का हे आम्ही विचारून बघितलं. बाहेर भरून देणारे आहेत, पण मूळच्या पांढऱ्याशी तो जुळेल याची खात्री कोणी देईना, म्हणून शेवटी त्याने नवीन इन्सर्टच मागवला. तो बसवायला घड्याळवाल्याकडे गेलो तेव्हा त्याने पातळ पात्याने बेझल उचकटून काढलं आणि लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, माझ्या हातात दिली. खालच्या दातऱ्यांमध्ये काळी चिकट पेस्ट, तिच्यात दोन-तीन चकाकणारे वाळूचे कण, आणि मधेमधे सुकलेली पांढरी टूथपेस्ट. त्याने ते सगळं ब्रशने काढलं, नवीन इन्सर्ट दाबून बसवला आणि बेझल फिरवून आमच्या कानाजवळ धरलं. मावसभाऊ म्हणाला, नवीन घेतलं तेव्हापण एवढा स्वच्छ आवाज येत नव्हता. जुना इन्सर्ट त्याने कागदात गुंडाळून खिशात टाकला.